काउंटर-स्ट्राइक २ : नवख्या खेळाडूने सुरुवात कशी करावी

काउंटर-स्ट्राइक २ हा पाच विरुद्ध पाच अशा दोन संघांत, संगणकावर आणि इंटरनेटवरून खेळला जाणारा नेमबाजीचा खेळ आहे. पडद्यावर आपले पात्र दिसत नाही. त्याच्या डोळ्यांना जे दिसते तेवढेच आपल्याला दिसते आणि त्याच्या कानांवर जे पडते तेवढेच ऐकू येते. १९९९ साली मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोघांनी ‘हाफ-लाइफ’ या खेळात फेरफार करून पहिला काउंटर-स्ट्राइक तयार केला, पुढे व्हॉल्व्ह या कंपनीने तो आपल्याकडे घेतला, आणि सध्याची आवृत्ती २७ सप्टेंबर २०२३ रोजी आली. पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेंत ज्यांनी जुनी १.६ ही आवृत्ती खेळली आहे त्यांना आजचा खेळही ओळखीचा वाटेल, कारण चित्रे बदलली असली तरी गाभा तोच राहिला आहे.

हा गाभा नेमका कशात आहे हे नवख्याला सहसा कोणी सांगत नाही. तो खेळ सुरू करतो, दोन मिनिटांत मारला जातो, आणि आपला नेम कच्चा आहे एवढाच निष्कर्ष काढून नेमाच्या मागे लागतो. नेम लागतोच, पण तो हळूहळू, महिनोन्महिने खेळून येतो. वेळ, पैसा आणि माहिती या तीन गोष्टी मात्र पहिल्या आठवड्यातच समजून घेता येतात, आणि त्या समजलेला मध्यम नेमाचा खेळाडू संघाला खरोखर उपयोगी पडतो. म्हणून या लेखात नेमाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, भर या तीन गोष्टींवर दिला आहे.

खेळाची रचना

एका संघाला टेररिस्ट म्हणतात, दुसऱ्याला काउंटर-टेररिस्ट. बोलताना सगळे ‘टी’ आणि ‘सीटी’ एवढेच म्हणतात. प्रत्येक नकाशावर, म्हणजे खेळाच्या मैदानावर, ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन जागा ठरलेल्या असतात, त्यांना साइट म्हणतात. टी संघाकडे एक बॉम्ब असतो आणि तो यांपैकी एका साइटवर लावून फुटेपर्यंत राखणे हे त्यांचे काम असते. सीटी संघाचे काम बॉम्ब लागू न देणे किंवा लागलाच तर तो निकामी करणे हे असते. समोरचे पाचही जण मारले गेले तरी राउंड, म्हणजे सामन्यातला एक डाव, जिंकता येतो, पण त्यात एक महत्त्वाचा अपवाद आहे : बॉम्ब लागलेला असेल आणि सगळे टी मेले असतील, तरी सीटींना तो निकामी करावाच लागतो.

स्पर्धात्मक सामन्यात एक राउंड १ मिनिट ५५ सेकंदांचा असतो. बॉम्ब लावायला तीन सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो आणि लागल्यापासून ४० सेकंदांनी तो फुटतो. निकामी करायला नुसत्या हाताने १० सेकंद लागतात, तर खेळातल्या पैशांत ४०० डॉलरला मिळणारे डिफ्यूज किट, म्हणजे बॉम्ब निकामी करण्याचे साधन, जवळ असेल तर ५. राउंडमध्ये एकदा मेलेला खेळाडू पुढच्या राउंडपर्यंत परत येत नाही, फक्त सहकाऱ्यांचा खेळ पाहू शकतो. असे जास्तीत जास्त २४ राउंड होतात, १२ राउंडनंतर बाजू बदलतात, आणि जो संघ आधी १३ राउंड जिंकतो तो सामना जिंकतो.

या रचनेत वेळेचे ओझे नेहमी टी संघावर असते. बॉम्ब न लावता घड्याळ संपले तर राउंड सीटींचा होतो, शिवाय जिवंत राहिलेल्या टी खेळाडूंना त्या राउंडचे पैसेही मिळत नाहीत. बॉम्ब लागला की हे ओझे पलटते आणि आता सीटींना घाई करावी लागते. राउंडमधल्या बहुतेक निर्णयांमागे हा एकच हिशेब असतो, म्हणून पडद्याच्या वरच्या बाजूच्या घड्याळाकडे वारंवार पाहण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

पहिली पायरी : संगणक आणि सेटिंग

खेळ स्टीम या व्हॉल्व्हच्या ऑनलाइन दुकानात मोफत मिळतो. किमान ८ जीबी रॅम आणि डिस्कवर सुमारे ८५ जीबी मोकळी जागा लागते. रँक मिळवून देणाऱ्या सामन्यांसाठी ‘प्राइम’ नावाची एकदाच विकत घ्यायची सुविधा आहे. ती पहिल्याच दिवशी घेण्याची घाई करू नये, खेळ आवडतो आहे अशी खात्री झाली की मग घ्यावी.

भारतात मुंबई आणि चेन्नई येथे व्हॉल्व्हचे सर्व्हर आहेत, त्यामुळे महाराष्ट्रातल्या खेळाडूला पिंग (सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ) चांगला, म्हणजे कमी, मिळू शकतो. सेटिंगमध्ये किती पिंगपर्यंतचा सर्व्हर चालेल याची मर्यादा घालता येते, ती कमी ठेवावी. नाहीतर खेळाडू कमी असताना परदेशातल्या सर्व्हरवर सामना लागतो आणि शत्रू दिसण्याआधीच आपण मेलेले असतो. वायफायऐवजी राउटरपासून संगणकापर्यंत केबल टाकता आली तर जरूर टाकावी.

माउसची संवेदनशीलता बहुतेक नवखे फार जास्त ठेवतात. मनगटाच्या एका झटक्यात मागे वळता आले म्हणजे सोय झाली असे त्यांना वाटते, पण तेवढ्या वेगात डोक्यासारखे छोटे लक्ष्य साधत नाही. माउस ८०० डीपीआयवर (डीपीआय म्हणजे माउसच्या स्वतःच्या संवेदनशीलतेचे माप) आणि खेळातली संवेदनशीलता १ च्या आसपास ठेवावी. या हिशेबाने पूर्ण गिरकी घ्यायला माउस सुमारे ५२ सेंटिमीटर सरकवावा लागतो, म्हणजे मागे वळायला साधारण २६. सुरुवातीला हे अवघड वाटते आणि टेबलावरची जागाही मोकळी करावी लागते; तरी दोन आठवडे सेटिंग न बदलता खेळावे. दर पराभवानंतर आकडे बदलणाऱ्याचा हात कधीच बसत नाही.

हेडफोन मात्र हवाच. या खेळात निम्मी माहिती कानाने येते. धावणाऱ्याची पावले, उडी मारून खाली उतरल्याचा आवाज, बंदुकीत गोळ्या भरण्याचा आवाज, ग्रेनेडची पिन काढल्याचा आवाज, दुर्बिणीची बंदूक रोखल्याचा आवाज, हे सगळे दिशेसह ऐकू येते. संगणकाच्या स्पीकरवर ही दिशा कळत नाही.

दुसरी पायरी : थांबून गोळी मारणे

पहिले काही दिवस प्रत्यक्ष सामन्यात न उतरता सराव विभागात बॉटबरोबर, म्हणजे संगणक चालवतो त्या खेळाडूंबरोबर, आणि नंतर ‘डेथमॅच’ या प्रकारात खेळावे. डेथमॅचमध्ये मेल्यावर लगेच परत येता येते, त्यामुळे तिथे हरण्या-जिंकण्याचा विचार न करता फक्त हालचाल आणि नेम यांवर लक्ष देता येते.

या खेळात धावता धावता रायफलने मारलेली गोळी क्रॉसहेअर (पडद्याच्या मधोमध दिसणारी नेमाची खूण) जिथे आहे तिथे जात नाही. इतर अनेक खेळांत धावत गोळीबार चालतो, म्हणून तिकडून आलेल्यांना ही गोष्ट अंगवळणी पडायला वेळ लागतो. गोळी मारण्याआधी पात्र थांबलेले असले पाहिजे, आणि कळ सोडल्यावर ते लगेच थांबत नाही, किंचित घसरत जाते. यावर उपाय असा की उजवीकडे ‘डी’ दाबून जात असताना ‘डी’ सोडावे आणि क्षणभर ‘ए’ टेकवावे. उलट दिशेची कळ लागताच पात्र जागच्या जागी थांबते आणि त्याच क्षणी गोळी सुटली पाहिजे. याला काउंटर-स्ट्रेफ म्हणतात. रिकाम्या नकाशावर एखाद्या भिंतीसमोर उभे राहून डावी-उजवीकडे सरकत प्रत्येक थांब्याला एकच गोळी मारावी आणि भिंतीवरचे छिद्र क्रॉसहेअरच्या मधोमध पडते आहे का ते पाहावे. रोज दहा मिनिटे एवढे केले तरी फरक दिसतो.

दुसरी सवय क्रॉसहेअर कुठे ठेवायचा याची. नवखा चालताना जमिनीकडे पाहतो आणि शत्रू दिसल्यावर नेम वर उचलतो. तेवढ्या वेळात समोरच्याचे काम झालेले असते. क्रॉसहेअर नेहमी डोक्याच्या उंचीवर आणि जिथून शत्रू निघण्याची शक्यता आहे त्या कोपऱ्याच्या कडेपासून थोडा बाहेर ठेवावा. असे ठेवले की शत्रू स्वतःच क्रॉसहेअरमध्ये येतो आणि आपल्याला फक्त बटण दाबायचे उरते. चांगल्या खेळाडूंचा हात फार चपळ असतो असे पाहणाऱ्याला वाटते. त्यातला मोठा भाग प्रत्यक्षात या पूर्वतयारीचा असतो.

एके-४७ ची गोळी डोक्याला लागली तर हेल्मेट असले तरी शत्रू एकाच गोळीत मरतो. सीटींच्या एम४ रायफलींना हे हेल्मेटवर जमत नाही, पण त्या सावरायला सोप्या आहेत. लांबच्या शत्रूवर एकेक किंवा दोन-दोन गोळ्या माराव्यात, जवळच्यावर सलग. सलग मारताना एके आधी सरळ वर चढते आणि मग डावी-उजवीकडे डुलू लागते, म्हणून माउस सावकाश खाली ओढत राहावे. पहिल्या दहा गोळ्या आवरता आल्या तरी सुरुवातीला पुरे. पुढच्या वीस गोळ्यांचा आकार पाठ करण्यात नवख्याने वेळ घालवू नये.

एडब्ल्यूपी ही दुर्बिणीची बंदूक पोटात-छातीत एक गोळी लागली तरी मारते, त्यामुळे ती सर्वांनाच हवीशी वाटते. तिची किंमत ४७५० डॉलर आहे आणि पहिली गोळी चुकली की दुसरी सुटेपर्यंत आपण उघडे पडतो. ती घेऊन राउंडच्या सुरुवातीलाच मरणे संघाला फार महाग पडते. पहिले दोन-तीन महिने तिच्यापासून दूर राहावे असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरी पायरी : पैशाचा हिशेब

काउंटर-स्ट्राइक इतर नेमबाजीच्या खेळांपासून सर्वांत वेगळा ठरतो तो इथे. प्रत्येक राउंडच्या सुरुवातीला खेळाडू आपल्या पैशातून शस्त्रे विकत घेतो, आणि जो जिवंत राहतो त्याची शस्त्रे पुढच्या राउंडला त्याच्याकडेच राहतात. सामन्याच्या आणि उत्तरार्धाच्या सुरुवातीला प्रत्येकाकडे ८०० डॉलर असतात, तर जवळ जास्तीत जास्त १६,००० साठवता येतात. पहिल्या राउंडला पिस्तूल राउंड म्हणतात, कारण ८०० मध्ये त्याहून फारसे काही येत नाही. ६५० चे चिलखत घ्यावे, किंवा एखाद्या सीटीने किट आणि ग्रेनेड घ्यावेत.

राउंड जिंकल्यावर प्रत्येकाला ३२५० मिळतात, आणि विजय बॉम्ब फुटल्याने किंवा निकामी केल्याने झाला असेल तर ३५००. हरल्यावरही पैसे मिळतात, ते १४०० पासून ५०० च्या टप्प्यांनी वाढत ३४०० पर्यंत जातात. एखादा राउंड जिंकला की हा आकडा एक टप्पा खाली येतो. पिस्तूल राउंड हरल्यास १९०० मिळतात. रायफलने शत्रू मारल्यावर ३००, बहुतेक सबमशीनगनने मारल्यावर ६००, तर एडब्ल्यूपीने मारल्यावर फक्त १०० मिळतात.

आता एक उदाहरण नीट पाहू. तुम्ही सीटी आहात, पिस्तूल राउंड हरलात, तुमच्या संघाला एकही शत्रू मारता आलेला नाही आणि सगळे पैसे खर्च झाले आहेत. दुसऱ्या राउंडला हातात १९०० आहेत. त्या राउंडला काहीच घेतले नाही आणि तोही कोणाला न मारता हरलात, तर आणखी २४०० मिळून तिसऱ्या राउंडला ४३०० होतात. एम४ए१-एस २९००, चिलखत आणि हेल्मेट १०००, किट ४०० : बरोबर ४३००. पण दुसऱ्या राउंडला मोह आवरला नाही आणि ७०० चे डेझर्ट ईगल पिस्तूल घेतले, तर तिसऱ्या राउंडला ३६०० च उरतात, आणि त्यात रायफल व पूर्ण चिलखत दोन्ही येत नाहीत. एका पिस्तुलाने तुमचे दोन राउंड कमकुवत केले. टी असाल तर त्याच ४३०० मध्ये २७०० ची एके, १००० चे पूर्ण चिलखत, ३०० चा स्मोक (धुराचा ग्रेनेड) आणि २०० चा फ्लॅश (डोळे दिपवणारा ग्रेनेड) एवढे बसून वर १०० उरतात.

किमती अद्यतनांबरोबर बदलत असतात, त्यामुळे आकडे पाठ करण्यापेक्षा पुढच्या राउंडला किती हवेत आणि आत्ता हरलो तर किती मिळतील हे दोन प्रश्न खरेदीपूर्वी स्वतःला विचारण्याची सवय लावावी. खरेदीच्या पडद्यावर हरल्यास किमान किती पैसे हाती असतील हेही दिसते. ते नवख्यांच्या नजरेतून बहुतेक वेळा सुटते.

काहीही न घेता खेळलेल्या राउंडला इको म्हणतात, आणि हातात पुरेसे नसतानाही असेल तेवढे खर्चून खेळलेल्या राउंडला फोर्स. यांपैकी काय करायचे हे पाचही जणांनी मिळून ठरवायचे असते. चौघे पैसे वाचवत असताना एकट्याने रायफल घेतली, तर ती रायफल चार पिस्तुलांच्या सोबतीने हरते आणि बऱ्याचदा शत्रूच्या हातात जाते. म्हणून राउंड सुरू होण्याआधी सहकाऱ्यांचे पैसे पाहावेत, आणि कोणाकडे कमी असतील व आपल्याकडे भरपूर असतील तर त्याच्यासाठी बंदूक विकत घेऊन ‘जी’ या कळीने खाली टाकावी. चुकून घेतलेली वस्तू खरेदीची वेळ संपेपर्यंत परतही करता येते.

याच हिशेबाचा दुसरा भाग म्हणजे सेव्ह करणे. तुम्ही एकटे सीटी उरला आहात, समोर चार टी आहेत, बॉम्ब लागलेला आहे आणि हातात रायफल आहे. अशा वेळी लपून रायफल वाचवणे हेच बहुतेकदा शहाणपणाचे असते, कारण पुढच्या राउंडला तुमचे २९०० वाचतात आणि त्यातून एखाद्या सहकाऱ्याचीही सोय होते. याला कोणी भित्रेपणा म्हटले तर मनावर घेऊ नये.

चौथी पायरी : एक नकाशा नीट शिकणे

नकाशे अनेक आहेत आणि सगळे एकदम शिकायला गेले तर एकही येत नाही. सुरुवातीला डस्ट २ निवडावा. डेव्ह जॉन्स्टन यांनी तो २००१ साली तयार केला आणि त्याचा आराखडा इतका सुटसुटीत आहे की आजही शिकण्यासाठी त्याहून सोपा नकाशा सापडणे कठीण.

टी जिथून निघतात तिथे उभे राहून पाहिले तर तीन वाटा आहेत. उजवीकडची वाट दुहेरी दरवाज्यांतून लांबलचक मोकळ्या पट्ट्यात उघडते आणि ए साइटकडे जाते. तिला ‘लाँग’ म्हणतात, आणि तिच्या दरवाज्यांकडच्या टोकाच्या खोलगट जागेला ‘पिट’. मधली वाट ‘मिड’. तिच्यातून एक उंचवट्याची वाट ए साइटला मिळते, ती ‘शॉर्ट’ किंवा ‘कॅटवॉक’, आणि पुढचे दरवाजे ओलांडले की बी साइटकडेही वळता येते. डावीकडे अंधारे बोगदे आहेत, ‘टनेल्स’. ते थेट बी साइटवर निघतात. सीटींना बी साइटवर दरवाज्यातून किंवा खिडकीतून येता येते.

रिकाम्या नकाशावर तासभर नुसते फिरावे. आपल्या सुरुवातीच्या जागेपासून लाँगच्या दरवाज्यापर्यंत पोहोचायला किती सेकंद लागतात, कुठे शत्रूची गाठ आधी पडते, कोणत्या खोक्यावर उडी मारून चढता येते, हे पाहावे. जागांची इंग्रजी नावे तशीच पाठ करावीत. मुंबईच्या सर्व्हरवर पाच अनोळखी खेळाडू एकत्र येतात तेव्हा बोलणे हिंदीत असो, इंग्रजीत असो की मराठीत, जागांची नावे सर्वत्र हीच असतात.

नकाशा कळला की ग्रेनेड शिकायचे. स्मोक सुमारे वीस सेकंद वाट झाकतो. या आवृत्तीत स्मोकच्या ढगात गोळ्या मारल्या किंवा स्फोटक ग्रेनेड टाकला तर क्षणभर त्यात भगदाड पडते, त्यामुळे ढगामागे पूर्ण सुरक्षित आहोत असे समजू नये. फ्लॅशने समोरच्याचे डोळे दिपतात, पण तो सहकाऱ्यांनाही तितकाच दिपवतो, म्हणून टाकण्याआधी ‘फ्लॅश’ असे मोठ्याने म्हणावे. मॉलोटोव्हची आग शत्रूला कोपऱ्यातून हुसकून काढते आणि स्मोकने विझते. नेटवर एकेका नकाशाचे शेकडो स्मोक दाखवलेले असतात. नवख्याने तीनच शिकावेत, मिडचे दरवाजे झाकणारा एक, ए साइटवर जाताना सीटींच्या बाजूची नजर अडवणारा एक, आणि बचावात असताना टनेल्सचे तोंड बंद करणारा एक. सामन्यात न चुकता पडणारे तीन स्मोक अर्धवट येणाऱ्या तीसांपेक्षा कितीतरी मोलाचे असतात.

पाचवी पायरी : पहिला खरा सामना

आधी ‘कॅज्युअल’ प्रकारात काही सामने खेळावेत. तिथे माणसे जास्त असतात, चुका खपतात आणि पैशाचे नियम सैल असतात. मग स्पर्धात्मक सामन्यात उतरावे. तो सुरू करण्यापूर्वी पुढचा तासभर मोकळा आहे याची खात्री करावी, कारण मधेच सोडून गेल्यास काही काळ बंदी येते आणि मागे राहिलेल्या चौघांचा सामना वाया जातो.

टी असाल तेव्हा बॉम्ब आपल्याकडे आहे का हे राउंडच्या सुरुवातीलाच पाहावे. असेल तर सर्वांत पुढे जाऊ नये, सर्वांत मागेही रेंगाळू नये. दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकावर राहावे. बॉम्ब नसेल तर एखाद्या सहकाऱ्याच्या इतक्या जवळ राहावे की तो मारला गेला तर त्याला मारणारा तुम्हाला लगेच दिसेल. खेळाडू याला ट्रेड म्हणतात. पाच विरुद्ध पाचचे चार विरुद्ध चार झाले तर बिघडत नाही, पण चार विरुद्ध पाच झाले तर राउंड हातातून निसटू लागतो. नवख्याला संघासाठी लगेच करता येण्याजोगी ही सर्वांत मोठी गोष्ट आहे, आणि त्यासाठी असामान्य नेम लागत नाही, कारण शत्रूचे लक्ष त्या क्षणी तुमच्या सहकाऱ्यावर असते.

शत्रूच्या जवळ पोहोचल्यावर शिफ्ट दाबून चालावे. पावलांचा आवाज होत नाही. अख्खा राउंड मात्र शिफ्ट दाबून घालवू नये, कारण घड्याळ तुमच्या विरुद्ध धावत असते. बॉम्ब लागला की शत्रूच्या शोधात बाहेर पडू नये. आता त्यांना तुमच्याकडे यावे लागणार आहे. दोन वेगवेगळ्या कोनांतून बॉम्ब दिसेल असे दोघांनी उभे राहावे आणि वाट पाहावी.

सीटी असताना कसोटी लागते ती संयमाची. एका साइटवर तुम्ही आणि एक सहकारी आहात, दुसरीकडे गोळीबार ऐकू येतो, आणि पाय लगेच तिकडे धावू लागतात. तिथे किती शत्रू दिसले हे कळेपर्यंत जागा सोडू नये, कारण दोघांनी आवाज करून बाकीच्या तिघांनी बॉम्ब घेऊन तुमच्या बाजूला येणे ही टी संघाची नेहमीची चाल आहे. आणि खरोखर पाच जण तुमच्याच साइटवर आले, तर एकट्याने पाचांना अडवण्याचा हट्ट धरू नये. कबड्डीत चढाईपटूला एकट्याने घाईने धरायला गेलेला गडी बाद होतो आणि साखळी येईपर्यंत थांबलेला पकड यशस्वी करतो. इथेही एखादा शत्रू टिपून, एक स्मोक टाकून मागे हटावे आणि सहकारी आल्यावर सगळ्यांनी मिळून साइट परत घ्यावी. संघात निदान दोघा-तिघांकडे किट असावे. ते नसेल, तर बॉम्ब फुटायला १० सेकंदांहून कमी वेळ उरल्यावर बॉम्बला हात लावण्यात अर्थ नसतो. त्या क्षणी बंदूक घेऊन दूर पळावे.

सहावी पायरी : बोलणे

मेल्यावर नवखा बहुधा चिडून गप्प बसतो किंवा कसा मेलो याची कहाणी सांगू लागतो. दोन्हींनी संघाचे नुकसान होते. मरताच तीन गोष्टी सांगाव्यात : शत्रू कुठे होता, किती होते, आणि त्याला आपल्या किती गोळ्या लागल्या. ‘लाँगला दोन, एक पिटमध्ये, त्याला ऐंशीचा मार बसलाय’ एवढे पुरे. प्रत्येकाची ताकद १०० असते, त्यामुळे ऐंशीचा मार बसलेल्या शत्रूला पिस्तुलाच्या एक-दोन गोळ्याही पुरतात आणि ती माहिती सहकाऱ्याच्या निर्णयात लगेच उतरते. मग शांत बसावे. शेवटी उरलेल्या सहकाऱ्याला पावले ऐकायची असतात आणि आपल्या सूचनांनी त्याचे कान भरून जातात.

माइक नसेल किंवा बोलण्याचा संकोच वाटत असेल तर माउसचे मधले बटण दाबून जागेवर खूण करता येते, ती सर्व सहकाऱ्यांना दिसते. मुली आणि स्त्रिया बोलू लागल्या की काही जण घाणेरडे बोलतात, आणि वयाने लहान मुलांनाही हा त्रास होतो; हे खपवून घेण्याची काहीही गरज नाही. गुणफलक उघडून त्या व्यक्तीचा आवाज बंद करावा, तक्रार नोंदवावी आणि खेळ चालू ठेवावा.

पैशाविषयी एक सावधगिरी

बंदुकांवर चढवायच्या रंगीत आवरणांना स्किन म्हणतात. त्यांनी बंदुकीची ताकद वाढत नाही. त्यांची खरेदी-विक्री मात्र खऱ्या पैशांत होते, म्हणून फसवणारेही पुष्कळ आहेत. स्पर्धेसाठी मत द्या, मोफत स्किन घ्या, आमच्या संघात या, असे सांगून कोणी दुवा पाठवला आणि तिथे स्टीमचा पासवर्ड मागितला, तर तो कधीही देऊ नये. ओळखीच्या मित्राच्या नावाने संदेश आला असला तरीही, कारण त्याचे खाते आधीच चोरलेले असू शकते. स्टीमचे मोबाइलवरचे दुहेरी संरक्षण पहिल्याच दिवशी सुरू करावे. पैसे भरून पेट्या उघडण्याचा प्रकार तर पालकांनी विशेष लक्ष ठेवण्यासारखा आहे : पेटीतून काय निघेल हे नशिबावर असते आणि बहुतेक वेळा पेटी उघडायला विकत घेतलेल्या किल्लीच्या किमतीपेक्षा कमी मोलाची वस्तू निघते.

पुढे काय

डस्ट २ वर वाट न चुकता फिरता येऊ लागले आणि प्रत्येक राउंडला आपण काय घेतले व का घेतले हे सांगता येऊ लागले, की दुसरा नकाशा घ्यावा. मिराज त्यासाठी चांगला. दरम्यान आठवड्यातून एकदा स्वतःच्या हरलेल्या सामन्याचे चित्रण उघडून फक्त आपले मृत्यू पाहावेत. प्रत्येक मृत्यूला तीनच प्रश्न विचारावेत : त्या वेळी मी धावत गोळी मारत होतो का, माझ्या मदतीला येईल इतक्या जवळ कोणी होते का, आणि तिथे शत्रू आहे हे मला आधी ऐकू किंवा रडारवर, म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर, दिसू शकले असते का. ज्या प्रश्नाचे उत्तर सर्वाधिक वेळा टोचेल, पुढच्या आठवड्याचा सराव त्याच एका गोष्टीचा ठेवावा, आणि शक्य असल्यास नेहमीचे दोन-तीन मित्र जमवून त्यांच्याबरोबरच सामने खेळावेत, कारण ट्रेड, एकत्र खरेदी आणि थोडक्यात बोलणे या तिन्ही गोष्टी ओळखीच्या माणसांबरोबर फार लवकर जमतात.